आखातात कामाला जाताय? तिकिटाआधी कागद वाचा

गेल्या वर्षी आपल्या उमेळ्यातला एक तरुण व्हिसाची प्रिंट घेऊन आमच्याकडे आला. "सर, सौदीला नोकरी लागली." कागद वाचला तर तो व्हिजिट व्हिसा निघाला. एजंट म्हणे, तिथे गेल्यावर बदलून देऊ. मुलगा थांबला, पण एजंटला दिलेले पैसे अजून अडकलेलेच आहेत. म्हणून हे चार मुद्दे.

पहिला, पासपोर्ट. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. असा पासपोर्ट असणाऱ्याला सौदी, यूएई, कुवेत, कतारसह 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास असेल तर ही अट नाही. आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या मुलांना आम्ही हेच समजावतो.

दुसरा, एजंट. त्याची नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेटवरच दिसतं. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. पावती मागाच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. मग एजंटशी तोंडी व्यवहार कशाला?

तिसरा, विमा. ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. मुदत संपली की ऑनलाइन नूतनीकरण होतं, पण बरेच जण ते विसरतात.

चौथा, इकामा. लोक इथेच जास्त फसतात. सौदी कामगार कायद्याच्या कलम 40 प्रमाणे इकामा आणि वर्क परमिट काढण्याचा, त्यांच्या नूतनीकरणाचा आणि उशीर झाला तर दंडाचा खर्च मालकाचा असतो, कामगाराचा नाही. खिशात कार्ड आहे म्हणजे इकामा चालू आहे असंही नाही, कारण नूतनीकरण ऑनलाइन होतं. म्हणून अबशर ॲपवर मुदत स्वतः बघा. ती तारीख इथे घरीही लिहून ठेवा. ती हिजरी असेल तर जपून मोजा, हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. मुदत संपायच्या दोन महिने आधी मालकाला लेखी आठवण द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल. मेसेज डिलीट करू नका.

यूएईला जाणाऱ्यांनी ऑफर लेटर उर्दूत किंवा हिंदीत मागून घ्यावं, तशी सोय आहे. वाचल्याशिवाय सही नको.

अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करा, किंवा 1800-11-3090 या हेल्पलाइनवर फोन करा. मुंबईतलं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. नायगावहून लोकलने वांद्र्याला उतरा.

हे जुम्म्यानंतर चार जणांना सांगा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे कागद आपण वाचून देऊ. अल्लाह सगळ्यांच्या रोजीत बरकत देवो.