सेनापतीचें दुसरें धैर्य

सैन्याधिकारी म्हटला म्हणजे रणांगणांत पुढें होणारा वीर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तें चित्र खोटें नव्हे; पण तें अर्धेंच आहे, असें कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचें चरित्र पाहतां आम्हांस वाटतें.

करवीर संस्थानांतील वडगांव येथें १९०६ सालीं त्यांचा जन्म झाला. सँडहर्स्ट येथील शिक्षण संपवून १९२६ सालीं ते अधिकारी झाले. त्या काळीं हिंदी अधिकाऱ्यांस पलटणी व रिसाले मिळून ठराविक आठ पथकांतच नेमीत. गोऱ्यांस हिंदी माणसाच्या हाताखालीं राबावें लागूं नये, हा त्यांतील हेतु. थोरातांची पंजाबी पलटण त्या आठांपैकींच होती. पुढें जानेवारी १९४५ मध्यें ब्रह्मदेशांतील कांगॉ येथें एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांसही डी. एस. ओ. हा शौर्याचा सन्मान मिळाला.

परंतु थोरातांची खरी कसोटी लागली ती शांततेच्या काळांत. १९५७ सालीं ते पूर्व विभागाचे सेनापति झाले. ईशान्य सीमेवर चीनपासून धोका आहे व हातीं असलेल्या सैन्यानें तो निवारतां येणार नाहीं, असा स्पष्ट अहवाल त्यांनीं १९५९ सालीं वर धाडला. मार्च १९६० मध्यें लखनौस ‘लाल किल्ला’ नांवाचा युद्धाभ्यास घेऊन तेंच पुन्हां पटवून दिलें. सरसेनापति थिमय्या त्यांच्याशीं सहमत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनीं मात्र तें मनावर घेतलें नाहीं. १९६१ सालीं थोरात निवृत्त होऊन कोल्हापुरास परतले. पुढच्याच वर्षीं, २० ऑक्टोबर रोजीं, चीनचा हल्ला झाला. संकट कोसळल्यावरच आपला अहवाल पंतप्रधान नेहरूंच्या दृष्टीस पडला, असें थोरातांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

रणांगणावर अधिकाऱ्याच्या पाठीशीं सारी पलटण असते. वरिष्ठांस न रुचणारें सत्य लिहितांना तो एकटा असतो, आणि त्याबद्दल पदक मिळत नाहीं. म्हणून घरांतील मुलगा वा मुलगी सैन्यांत जाण्याचें बोलूं लागली, तर केवळ तिची प्रकृति व गुणपत्रिका पाहून थांबूं नये. वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांच्या तोंडावर खरें सांगण्याची संवय आपण तिला घरांत लागूं दिली आहे काय, हेंही पाहावें. ही संवय लावण्याचें काम लष्करी शाळेच्या पुष्कळ आधीं, आपल्या माजघरांतच सुरू होतें.