क्लीनर साइडची खटखट

आवाज आधी बायकोला ऐकू आला. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरून आतल्या गल्लीत वळताना उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर चाक पडलं आणि ती म्हणाली, "माझ्या पायाखाली काहीतरी खट्ट वाजलं." मी म्हटलं, जॅक असेल. जॅक फडक्यात गुंडाळून ठेवला तरी खट्ट वाजलंच. मग मी सगळ्यात स्वस्त उपाय केला, एफएम मोठा लावला.

गाडी म्हणजे वडिलांनी २०११ साली घेतलेली ओम्नी. १९८४ मध्ये हे मॉडेल 'मारुती व्हॅन' म्हणून आलं, १९८८ पासून ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. शाळेची मुलं, केटररची पातेली, गणपती, रुग्ण आणि हिंदी सिनेमात पळवून नेलेली माणसं असं सगळं तिने वाहिलं. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, पुढची चाकंही जवळजवळ सीटखालीच. इतर गाड्यांत चाक आणि माणूस यांच्यामध्ये थोडं तरी अंतर असतं, इथे खड्डा थेट बुडाखाली येतो. त्यामुळे आवाज आला की कळतं, पण कुठून आला ते कळत नाही.

एफएमने भागेना तेव्हा गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने पुढचा कोपरा दोनदा दाबला आणि निकाल दिला, "शॉकअप गेले." शॉकअप बदलले, त्याबरोबर लोअर आर्मचे बुशही बदलले. साडेसहा हजार झाले. गाडी गप्प झाली आणि मी त्या मुलाला मनातल्या मनात मानलं. चार महिन्यांनी, पावसाळा भरात असताना, खट्ट परत आलं. तेही त्याच जागी, बायकोच्या पायाखाली.

या वेळी शेजाऱ्यांनी भांडुपच्या बाजूला, एलबीएस मार्गाला लागून असलेल्या गल्लीत एका काकांकडे पाठवलं. साठीचे असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गॅरेज म्हणजे एक शटर, पुढे फुटपाथचा तुकडा आणि आत सिमेंटचा लांबट खड्डा. मी गाडी लावून सांगायला सुरुवात केली, "काका, क्लीनर साइडला आवाज येतो."

"कुठे येतो ते नका सांगू. कधी येतो ते सांगा."

यावर मी गडबडलो. इतके दिवस तो आवाज ऐकत होतो, पण असा कधी ऐकलाच नव्हता. मोठ्या खड्ड्यात येतो की बारीक खडखडीत रस्त्यावर? ब्रेक मारताना? गाडी सुटताना? उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर? गाडी भरलेली असताना कमी होतो का? आठवून आठवून मी सांगितलं, की स्पीडब्रेकरवर जाणवत नाही, पेव्हर ब्लॉकवर येतो आणि सिग्नलला थांबताना एकदाच 'टक्क' होतं. काकांनी मान डोलावली आणि हाताखालच्या बारक्याला सांगितलं, "गाडी रिकामी कर."

जॅक, छत्र्या, पाण्याचा कॅन, बायकोच्या भिशीच्या स्टीलच्या डब्यांची पिशवी, सगळं फुटपाथवर आलं. निम्मे आवाज इथेच पकडले जातात, असं काका म्हणाले. माझा पकडला गेला नाही.

मग फेरी. काकांनी दोन्ही काचा खाली केल्या आणि एका सोसायटीच्या कंपाउंड भिंतीला चिकटून गाडी हळू चालवली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि खालचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. खडबडीत पट्टा आला तेव्हा ब्रेकवर नुसता पाय ठेवला. ब्रेक हलका लागलेला असताना पॅड दाबून बसतात, त्यामुळे पॅड किंवा कॅलिपर सैल असेल तर खटखट थांबते. आमची थांबली नाही. "ब्रेक नाही." मग गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्ट्रटचं वरचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळून 'टंग' करून सुटते. तसं काही वाजलं नाही. "वरचं माउंटिंगही नाही."

पुढच्या चाकांच्या या सस्पेन्शनला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमुळे त्याची ही कल्पना रस्त्यावर रुळली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या पायात, वरचं टोक बॉडीला, खालचं चाकाच्या नकलला. नकल जागेवर धरतो तो लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट आणि आतल्या टोकाला रबरी बुश. भाग थोडे, जागा कमी लागते, खर्च कमी, म्हणून छोट्या गाड्यांनी ती उचलली. पण थोडेच भाग असल्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या नावावर खपतो. आमच्या शॉकअपचं तेच झालं होतं.

गाडी खड्ड्यावर घेतली. चॅसीखाली जॅक, मग घोडी, पुढची दोन्ही चाकं लटकती. काकांनी चाक वर-खाली धरून हलवलं. बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलं असेल तर इथे ढिलेपणा लागतो. आडवं धरून हलवलं, तो टाय रॉडच्या एंडसाठी. मलाही हात लावायला दिला. काहीच हललं नाही. टॉमी घालून आर्म उचकटला, तोही घट्ट. बुशवर बॅटरी मारली, काळं कुळकुळीत नवं रबर.

"बुश नवीनच आहेत काका," मी म्हटलं. "चारच महिने झाले."

"नवीन आहेत ते दिसतंय," काका म्हणाले. "बसवले कसे, ते बघू." आणि त्यांनी गाडी खाली उतरवायला सांगितली.

इथे मला वाटलं, काका हरले. गाडी चारही चाकांवर उभी राहिली, काका खड्ड्यात उतरले, मलाही बोलावलं. बारक्या ड्रायव्हरच्या सीटवर. "ब्रेक दाबून धर." बाहेरून दोघांनी गाडी पुढे-मागे झुलवली. काकांनी एक तळहात डाव्या आर्मच्या मुळाशी ठेवला, दुसरा उजव्या. मग काही न बोलता माझा हात धरून उजवीकडे, ड्रायव्हर साइडला टेकवला. गाडी झुलली आणि बोटांना टिचकी बसली. तीच टक्क. कानांना ती डावीकडे ऐकू येत होती, हात सांगत होता उजवीकडे.

"आवाज पत्र्यातून फिरतो. पत्रा मोकळा असेल तिथे बोलतो," काका म्हणाले. बायकोच्या पायाखालचा पत्रा मोकळा होता, एवढंच.

मग त्यांनी बॅटरी बुशवर धरली. लटकत्या चाकाला जे रबर अखंड दिसलं होतं, त्याला आता तोंड फुटलं होतं. आतल्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर, नख जाईल एवढी. आणि तिच्या शेजारी, पंधरा पावसाळ्यांच्या गंजलेल्या तपकिरी लोखंडावर, तांदळाच्या दाण्याएवढा एक चकचकीत ठिपका. लोखंड लोखंडाला रोज घासत होतं, म्हणून तिथे गंज धरत नव्हता. सगळ्या गाडीखाली एवढीच स्वच्छ जागा होती.

या बुशमधलं रबर बेअरिंगसारखं फिरत नाही. ते आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की पिळतं आणि परत येतं. आतली नळी बोल्टने आवळून पक्की करतात. तो बोल्ट चाक लटकत असताना आवळला, तर रबर त्या लटकत्या स्थितीत निवांत बसतं. गाडी खाली ठेवली की वजनाने आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वर आपले रस्ते, मग ते फाटतंच. म्हणजे जॅकवर चढवल्यावर चीर मिटते आणि उतरवल्यावर उघडते. मी चार वेळा जॅकवर बघितलं असतं तरी चार वेळा नवाच बुश दिसला असता.

आधीच्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. त्याला फार दोष देववत नाही. गाडी जॅकवर असताना पाना चांगला फिरतो, खाली उतरवल्यावर खड्ड्यात मान वाकडी करून आवळावं लागतं. त्या वाकड्या मानेचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही.

दुरुस्तीत जास्त वेळ खाल्ला तो बोल्टने. माझी गाडी मिठागर रोडला उघड्यावर उभी असते. नावातच मीठ, पलीकडे खाडी. चार महिन्यांत बोल्ट नळीत धरला होता. तेल सोडलं, चहा झाला, हातोडा झाला, शेवटी गॅसची ज्योत दाखवली तेव्हा सुटला. नवा बुश दाबून बसवताना बारक्याने ग्रीसचा डबा पुढे केला तर काका त्याच्यावर खेकसले. ग्रीसने रबर फुगतं, म्हणून साबणाचं पाणी. व्हाइसमध्ये, गोटी पान्याचा आधार देऊन, बुश हळूहळू आत सरकला. दोन्ही बाजूंचे बदलले, बोल्ट नुसते बोटाने धरवले, गाडी खाली ठेवली, दोनदा दाबून बसू दिली आणि मग काका खड्ड्यात उतरून मान वाकडी करून आवळायला लागले. बुशची जोडी तीनशेच्याही आत होती, मजुरी त्याच्या चौपट. मी घासाघीस केली नाही. अलाइनमेंट मात्र दुसरीकडून करून घ्या म्हणाले, त्यांच्याकडे मशीन नाही.

संध्याकाळी बायकोला मुद्दाम त्याच गल्लीत नेलं, एफएम बंद ठेवून. पेव्हर ब्लॉक आले, चाक पडलं, खाली नुसता टायरचा धप्प. मी तिच्याकडे बघितलं. ती कान देऊन बसली होती.

"मागे काहीतरी किरकिरतंय," ती म्हणाली.

सरकतं दार. काकांनी ते फेरीतच ऐकलं होतं. म्हणाले होते, ते तुम्हाला उद्या ऐकू येईल, आज खटखटीखाली दबलंय.