गवताचा रविवार

पहाटे ३. इंदूरचे सुदामा नगर गाढ झोपेत असते. कचऱ्याची गाडी गाणे वाजवत गल्लीत शिरायला अजून बराच वेळ असतो, आणि फूटी कोठीच्या चौकात कुत्र्यांखेरीज कोणी जागे नसते. गाडीत आम्ही तिघे: मी, बँकेतून निवृत्त झालेला माझा शाळासोबती आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी भाची. तिने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतलेली असते. चंदन नगर, बेटमा, घाटाबिल्लोद. लेबडला उजवीकडे वळायचे, मग बदनावर आणि रतलाम. सैलाना रतलामच्याही पुढे वीसेक किलोमीटर. श्रावणातल्या रविवारी जमेल तसा आमचा हा नेम. घरचे याला वेड म्हणतात, आम्ही काम म्हणतो.

पहाटे ६. सैलान्याच्या संस्थानिकांनी शिकारीसाठी राखलेला हा माळ. राजे गेले, पण राखण राहिली म्हणून गवत टिकले. सालिम अलींनी पाठपुरावा केला आणि १९८३ साली इथे खरमोर अभयारण्य जाहीर झाले. खरमोर म्हणजे आपला तणमोर पक्षी. अभयारण्य कागदावर सुमारे १३ चौरस किलोमीटर आहे, पण त्यातला मोठा भाग शेतांचा. निखळ गवताचा तुकडा त्या मानाने लहान. या पाहुण्याचे घर तेवढेच.

विणीच्या दिवसांत गवतात पाय टाकायचा नाही. रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून उभे राहायचे. आधी ऐकू येते ती बेडकासारखी कुरकुर, पंखांची. मग गवतातून काळा-पांढरा नर सरळ वर उसळतो, माणसाच्या उंचीइतका, आणि त्याच जागी खाली उतरतो. पुन्हा उसळतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. तो मादीसाठी उडतो, हे पुस्तकात असते. माळावर उभे राहिले की दुसरी गोष्ट कळते. उडी मारल्याशिवाय तो मादीला दिसणारच नाही, इतके गवत उंच असावे लागते. आणि इतके उंचही नको, की उडी मारूनही दिसू नये. ढोरांनी खुरटून टाकलेला माळ त्याला चालत नाही, काटेरी झुडपांचा चालत नाही, झाडांचा तर नाहीच.

पुष्कळ रविवारी काहीच दिसत नाही. तेही वहीत लिहायचे. दिसला, तर नेमकी जागा मात्र कुठे जाहीर करायची नाही. फोटोवाल्यांची गर्दी हे नवे संकट आहे. २०२१ पासून जगाच्या लाल यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी.

सकाळी ८. फाट्यावर चहा आणि पोहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन. माळव्यात सोयाबीन १९७० नंतर पसरले आणि त्याने मालवी शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा दिला, हे कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. त्याआधी इथे ज्वारी, मूग, उडीद होते, मधेमधे पडीक राहणारी शेते होती. मादी अशा शेतांतही अंडी घालायची. आता पाऊस पडला की पडीक उरत नाही, आणि नाकतोडे-भुंगेरे टिपायच्या ऐन दिवसांत फवारणी सुरू होते. क्षितिजावर पवनचक्क्या फिरत असतात. सरकारी नकाशांत माळाची नोंद बऱ्याचदा ‘पडीक जमीन’ अशीच असते, त्यामुळे तिथे काहीही उभे करायला हरकत कोणाची असणार?

सकाळी १०. खरे काम आता. हद्दीलगत एका ओळखीच्या शेतकऱ्याने खडकाळ कोपऱ्यातला तुकडा नांगरायचा सोडला आहे. नांगर थांबला की गवत आपोआप येते, असा शहरी समज असतो. येत नाही. आधी येतो तरोटा, गाजरगवत, रानतुळस. पाठोपाठ घाणेरीची जाळी. जमिनीत बी असते ते यांचेच, कारण गवताचे बी इतक्या वर्षांच्या नांगरटीत संपून गेलेले असते. रिकाम्या घरात शिरलेल्या भाडेकरूंसारखे हे तण मग हलायला तयार नसते.

म्हणून उपटायचे. फूल धरायच्या आत, मुळासकट, पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना. ही पद्धत आमची नाही. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला बाहेर वसवली गेली, तेव्हा त्यांच्या शेतांचे काय करायचे हा प्रश्न होता. प्रा. गजानन मुरतकरांसारख्या गवताच्या अभ्यासकाने जी रीत रुजवली, ती साधी आहे: तण बी धरण्याआधी सलग काही वर्षे काढत राहा, जंगलातल्याच चांगल्या गवतांचे बी गोळा करा, ते पेरा, चराई आणि वणवा दूर ठेवा. कान्हातही बारशिंगे ज्या कुरणांवर पोसली गेली, त्यांतली काही उठून गेलेल्या गावांची शेते होती. १९७० मध्ये तिथे जेमतेम ६६ बारशिंगे उरली होती.

भाची माती झटकून एकेक काडी ओळखते. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. पवन्या दिसला की ती ओरडते, “मामा, आला!” मग त्याच्याभोवती खुंटी ठोकायची, म्हणजे घाईत कोणी उपटू नये. कंबर धरते. हातमोजे हवेतच, गाजरगवताने अंगाला खाज सुटते.

दुपारी १. खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, सावलीत दशम्या. शेतमालक येऊन बसतात. “घास से ढोर को पेट भरे, म्हारो नी भरे,” ते हसत म्हणतात, आणि याला आमच्याकडे उत्तर नसते. वनखात्याने २००५ च्या सुमारास बक्षिसाची योजना आणली होती: शेतात तणमोर दिसल्याचे कळवा, घरटे राखा, पैसे मिळवा. कल्पना उत्तम. पक्षी नको असलेल्या माणसाला पक्ष्याची वाट पाहायला लावणारी. उलट चालीचा नमुनाही जवळच आहे. धार जिल्ह्यात सरदारपूरचे अभयारण्य त्याच १९८३ साली ३४८ चौरस किलोमीटरवर आखले गेले. त्यात आलेल्या १४ गावांत जमिनीची खरेदी-विक्री अडकली, आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. मुलीच्या लग्नाला एक बिघा विकता येत नसेल, तर त्या घरात तणमोराचे नाव कोण प्रेमाने घेईल? अभयारण्य वाढवायचे तर रेघ मारून वाढत नाही. शेतकऱ्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांचे, सोयाबीनच्या तोडीचे भाडे रोख द्यावे, असे माझे मत आहे. अकोला-वाशीमकडे फासेपारधी मंडळी गवत राखतात आणि तणमोरही राखतात, तेही गवतावर आपला हक्क आहे असे ते मानतात म्हणून.

दुपारी ४. ढग उतरले तर पुन्हा दुर्बीण. ऊन असेल तर वही पूर्ण करायची.

संध्याकाळी ६ला परतीचा रस्ता. रात्री दहाच्या सुमारास सुदामा नगर. चिखलाचे बूट ओट्यावर, आणि घरातून ठरलेला प्रश्न: “दिसला का?”

इंदूरकरांना झाडे लावायची हौस मोठी. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपे लागली, शहराचे नाव विक्रमाच्या पुस्तकात गेले. झाडे जरूर लावा, पण माळावर नको. माळाला सावली लागत नाही, बी लागते. पवन्या आणि मारवेल दिवाळीच्या आगेमागे पिकतात, आणि तेव्हा बी ओरबाडायला हात कमी पडतात. एक रविवार मोकळा ठेवा. कोयता नको, कुदळ नको. जुन्या धोतराची शिवलेली पिशवी पुरे.