आयटीवाल्यांकडून दुकानात आणण्यासारख्या ४ सवयी (आणि एक टाळण्यासारखी)



आपल्या बॅचमध्ये दोन प्रकारचे लोक नेहमी भेटतात. एक म्हणजे हिंजवडी-खराडीत सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून आठ-दहा वर्षं काढलेले, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय असे. दुसरे वडिलांचं दुकान सांभाळणारे. दुकानवाल्यांना वाटतं, "यांचं काय, एसीत बसून बटणं दाबायची!" आयटीवाल्यांना वाटतं, "ऑफिसमधलं धंद्यात काय कामाला येणार?"

दोघांचाही गैरसमज आहे. म्हणून आज डेव्हलपरचा दिवस नेमका कसा जातो ते बघू, आणि त्यातलं आपल्या गल्ल्यापर्यंत काय आणता येईल तेही.

दिवस कसा जातो?

सकाळी टीमची छोटी मीटिंग, तिला स्टँडअप म्हणतात. साधारण १५ मिनिटं. काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. मग प्रत्येकाच्या नावावर 'तिकीट' असतं, म्हणजे एका कामाची एक चिठ्ठी. कोड लिहिणं हा दिवसाचा एक तुकडा. बाकी वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, "हे बंद का पडतंय?" शोधण्यात, टेस्टिंगमध्ये आणि मीटिंगमध्ये जातो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: माणूस चुकणारच. हुशार माणूससुद्धा चुकणार. मग चूक लवकर सापडेल आणि लपवावीशी वाटणार नाही, अशी कामाची घडी बसवायची. आपल्याकडे उलटं असतं. आपण धरून चालतो की चांगला माणूस ठेवला की चूक होणार नाही. झाली, की माणूस बदलतो. चूक मात्र तिथेच राहते, पुढच्या माणसाची वाट बघत!

सवय १: काम डोक्यात नको, भिंतीवर हवं

डेव्हलपरच्या टीमचा एक बोर्ड असतो. तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकते. साहेबाला विचारत फिरावं लागत नाही.

गंमत बघा. या बोर्डचं मूळ जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या 'कानबान' पद्धतीत आहे. ती उभी करणारे ताईची ओनो यांना कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून! गिऱ्हाईकाने फळीवरून जेवढं उचललं, तेवढंच मागून भरायचं. म्हणजे दुकानातली युक्ती कारखान्यात गेली आणि तिथून सॉफ्टवेअरमध्ये. आपण फक्त आपली वस्तू परत घेतोय.

एक पांढरा बोर्ड घ्या. "पाटीलकाकांचा मिक्सर दुरुस्तीला, गुरुवारी द्यायचा" हे मालकाच्या डोक्यात असेल, तर मालक आजारी पडला की दुकान आजारी. बोर्डवर असेल तर पोऱ्यासुद्धा उत्तर देतो.

सवय २: दुसरी नजर आणि पुसता न येणारी नोंद

डेव्हलपरने लिहिलेला कोड सहसा थेट गिऱ्हाईकापर्यंत जात नाही. आधी सहकारी वाचतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. सीनियरचा कोडही ज्युनियर तपासतो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. शिवाय कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. त्यासाठी बहुतेक टीम 'गिट' वापरतात. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. काही बिघडलं तर आधीच्या स्थितीला परत जाता येतं.

दुकानात याचा अर्थ काय? ठरावीक रकमेच्या वरचं कोटेशन पाठवण्याआधी दुसऱ्याने वाचायचं. मालकाचंसुद्धा! आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं वेगळं लॉगिन ठेवायचं. तुमचा धंदा कंपनी म्हणून नोंदवलेला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं कायद्यानेच लागतं. तुमची प्रोप्रायटरशिप असली तरी सवय चांगलीच आहे.

सवय ३: गर्दीच्या तोंडावर मोठा बदल नको

पुष्कळ टीममध्ये अलिखित नियम असतो: शुक्रवारी संध्याकाळी नवीन काही लाइव्ह करायचं नाही. बिघडलं तर शनिवार-रविवारी निस्तरणार कोण?

फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात नवीन माणसं घातली की आणखी उशीर होतो. कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. आता आपली दिवाळी आठवा. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी दोन नवी मुलं ठेवायची, आणि जुना मुलगा गिऱ्हाईक सोडून त्यांना "हे कुठे, ते कुठे" सांगत बसणार. माणसं दसऱ्याच्या आधी घ्या. नवीन बिलिंग सॉफ्टवेअर दिवाळीनंतर.

सवय ४: 'कोणी केलं?' च्या आधी 'कसं झालं?'

ही सगळ्यात महत्त्वाची.

गिटलॅब नावाची कंपनी आहे, डेव्हलपर लोकांचा कोड सांभाळणारी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनियरने बिघडलेला डेटाबेस दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐनवेळी एकही धड उपयोगी पडली नाही. नेहमीचा बॅकअप फेल होत होता आणि तसं कळवणारे ईमेलच पोहोचत नव्हते! नशिबाने त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी काढलेली, सुमारे सहा तास जुनी एक प्रत सापडली. मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच.

कंपनीने काय केलं? डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यात त्या इंजिनियरचं नाव नाही. प्रश्न असे होते: मुख्य आणि दुय्यम सर्व्हर ओळखण्यात गोंधळ का झाला? बॅकअप खरंच चालतोय का, हे बघायची जबाबदारी कुणाची होती? अशा अहवालाला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. दोष द्यायचा नाही, कारण शोधायचं.

आता दुकानात या. समजा, मुलाने दहा बल्बचा बॉक्स एका बल्बच्या किमतीत बिल केला. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, पगारातून पैसे कापले. तो काय शिकला? बल्ब नीट बघायचा? नाही. पुढची चूक सांगायची नाही, हे शिकला. आणि तुमच्या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान न कळलेल्या चुकीने होतं. तीच चूक महिनाभर चालते आणि स्टॉक मोजताना कळते.

त्याऐवजी बाजूला घेऊन विचारा, "हे होऊ कसं शकलं?" उत्तर निघेल: बॉक्स आणि सुटा बल्ब, दोघांची नावं बिलिंगमध्ये जवळपास सारखी आहेत. नाव बदला, पाच मिनिटांचं काम. यापुढे कुठलाच मुलगा तिथे चुकणार नाही.

"मग सगळ्यांना मोकळं सोडायचं का?" असं कुणीतरी विचारणारच. नाही! चोरी वेगळी, चूक वेगळी. समजावून, पद्धत सुधारूनही कोणी मुद्दाम तेच करत असेल, तर तो निर्णय वेगळा घ्यायचा. पण ती शेवटची पायरी, पहिली नाही.

आणि टाळण्यासारखी एक

आयटीतलं सगळंच घ्यायचं नाही. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रीचे कॉल, जेवतानाही उघडा लॅपटॉप, १५ मिनिटांचा स्टँडअप तासभर चालणं, हे तिथलेच लोक वैतागून सांगतात. म्हणून दुकान बंद केल्यावर रात्री साडेअकराला स्टाफच्या ग्रुपवर "तो माल आला का?" असा मेसेज टाकू नका. सकाळी बोर्डवर लिहा. त्यालाही घर आहे, तुम्हालाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ६ दिवस, शटर उघडल्यावर १० मिनिटं उभ्याने मीटिंग. प्रत्येकाने "कुठे अडलंय" हे सांगायचंच.

२. काउंटरमागे एक वही ठेवा. तिच्यात चूक, कारण आणि उपाय लिहायचा. नाव लिहायचं नाही.

३. बिलिंगचा बॅकअप आहे असं म्हणू नका. एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

पहिले दोन-तीन दिवस वहीत कोणी काही लिहिणार नाही. घाबरू नका, मुलं अंदाज घेतायत. ज्या दिवशी एखादा मुलगा स्वतःहून येऊन म्हणेल, "दादा, माझ्याकडून एक गडबड झालीय," त्या दिवशी शांतपणे ऐका आणि त्याला थँक्यू म्हणा. तिथून तुमचं दुकान बदलायला लागेल.

वहीतली पहिली नोंद काय होती, ते व्हिडिओखाली कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या लेखात!