पडदा लहान, पेठ मोठी

दुकानाची पायरी फार उंच असली की गिऱ्हाईक दारावरूनच परतते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच तो पायरीपुढे एखादा दगड टाकतो, मालाच्या पाट्या ठळक अक्षरांत लावतो आणि भाव विचारणाऱ्यास तिष्ठत ठेवीत नाही. परंतु हाच व्यापारी जेव्हा इंटरनेटवर आपले दुसरे दुकान, म्हणजे संकेतस्थळ, उघडतो, तेव्हा त्या दुकानाच्या पायरीकडे त्याचे पुष्कळदा दुर्लक्ष होते. कचेरीतील संगणकाच्या रुंद पडद्यावर ते संकेतस्थळ त्याने पाहिलेले असते आणि तेथे ते देखणेही दिसते. गिऱ्हाईक मात्र ते पाहते तळहाताएवढ्या पडद्यावर. तेथे अक्षरे मुंगीएवढी होतात, भावाचा तक्ता अर्धा बाहेर राहतो आणि मागणी नोंदविण्याचे बटण बोटाला सापडत नाही. गिऱ्हाईक तक्रार करीत बसत नाही. ते निमूटपणे दुसऱ्या दुकानात जाते, आणि ते आले होते याचा दुकानदाराला पत्ताही लागत नाही.

ही अडचण दूर करणाऱ्या रचनापद्धतीस ‘प्रतिसादी रचना’ म्हणतात. एकच संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे आपली मांडणी आपोआप बदलून घेते, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या शहरांतील मोठ्या पेढ्यांना तिचा लाभ होतो हे उघड आहे; परंतु तिची खरी गरज कोणाला आहे हे समजून घ्यावयाचे असेल, तर बालाघाटसारख्या जिल्ह्याकडे पाहावे.

वैनगंगेच्या काठी वसलेला हा जिल्हा मध्यप्रदेशाच्या आग्नेय सीमेवर आहे. दक्षिणेस गोंदिया आणि भंडारा हे महाराष्ट्राचे जिल्हे त्याला लागून आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. त्यामुळे सोयरिकी, व्यापार व भाषा यांचे धागे आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. या भूमीत भरवेलीचे मँगनीज आहे आणि मलाजखंडचे तांबे आहे. अशा खनिजांचे खरेदीदार मोजके आणि मोठे असतात. ते मोबाइलवर दुकान शोधीत नाहीत. पण जिल्ह्यातील दुसऱ्या तीन गोष्टींची स्थिती अगदी वेगळी आहे. पहिली, २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक चिन्नोर तांदूळ. दुसरी, २०२३ साली तोच मान मिळालेले वारासिवनीचे हातमागाचे लुगडे व कापड. आणि तिसरी, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वाराजवळील लहानमोठी पर्यटक-निवासे. या तिन्हींचे गिऱ्हाईक दूरचे, विखुरलेले आणि किरकोळ आहे. नागपूर, पुणे वा मुंबई येथील एखादे कुटुंब पाच किलो तांदूळ, एक लुगडे किंवा दोन रात्रींचा मुक्काम मागते. ही मागणी आज प्रामुख्याने मोबाइलवरूनच येते.

असे का झाले, याचा इतिहास फार जुना नाही. भारतात सर्वसाधारण नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे ती संगणक असलेल्या कचेऱ्यांपुरती आणि शहरांतील थोड्या घरांपुरतीच राहिली. २०१६ साली मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि त्याच वर्षी मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धतीही अवतरली. खेड्यापाड्यांतील असंख्य कुटुंबांच्या हाती आलेला पहिला संगणक म्हणजे मोबाइलच होय. जगभरच्या संकेतस्थळांवरील वर्दळ मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१६ च्या ऑक्टोबरात मोबाइल व टॅब्लेट यांवरून होणाऱ्या वापराने मेजावरच्या संगणकांना प्रथमच मागे टाकले. तेव्हा मोबाइलवरचे गिऱ्हाईक हे आता पाहुणे राहिलेले नाही. पेठेतील नित्याचे गिऱ्हाईक तेच आहे.

आता जुन्या घडणीच्या संकेतस्थळाची मोबाइलवर काय अवस्था होते, ते पाहण्यासारखे आहे. २००७ साली आयफोन बाजारात आला, तेव्हा जगातील जवळजवळ सर्व संकेतस्थळे रुंद पडद्यांसाठीच बांधलेली होती. त्यांना सामावून घेण्यासाठी त्या फोनने एक युक्ती केली. आपला पडदा ९८० एकक रुंद आहे असे मानून तो सारे पान आखी आणि मग ते आक्रसून दाखवी. हीच रीत पुढे इतरांनीही उचलली. हल्लीच्या बहुतेक मोबाइल पडद्यांची रुंदी सुमारे ३६० ते ४३० एकके भरते. म्हणजे संगणकावर १६ एककांचे असलेले अक्षर ३६० एककांच्या पडद्यावर सहाच्याही किंचित खाली येते. रोमन लिपीला ही दशा त्रासदायक आहे. देवनागरीला ती घातकच ठरते. आपल्या लिपीत अर्थाचा मोठा भार अनुस्वार, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांवर असतो आणि आक्रसताना प्रथम नाहीसे होतात ते हेच बारकावे. भावाच्या तक्त्यात पाच आणि सहा हे आकडे एकमेकांसारखे दिसू लागले, तर सौदा कसा व्हावा?

बालाघाटच्या लोकांना हा प्रकार एका जुन्या अनुभवावरून चटकन उमगेल. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जो रूळमार्ग टाकला, तो अवघा अडीच फूट रुंदीचा होता. गोंदियाचा मुख्य मार्ग मात्र साडेपाच फुटी. या दोन मापांमुळे एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊच शकत नसे. गोंदियास उतारूंना गाडी बदलावी लागे आणि माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. माल तोच, मुक्काम तोच, पण मापे जुळत नसल्याने वेळ, मजुरी आणि नासधूस यांचा भुर्दंड पडे. आता त्या मार्गाचे रुंदीकरण झाले आहे. रुंद पडद्यासाठी बांधलेले संकेतस्थळ लहान पडद्यावर येते, तेव्हा अशीच मापांची फारकत होते. फरक इतकाच की, येथे माल बदलून घेण्याचे श्रम गिऱ्हाइकाच्या माथी मारले जातात, आणि ते करण्याचे त्याला काही कारण नसते.

यावर प्रारंभी जो उपाय निघाला, तो दोन संकेतस्थळे ठेवण्याचा: एक संगणकासाठी, दुसरे मोबाइलसाठी. पण दोन दुकाने म्हटली की दोन पाट्या, दोन भावफलक आणि दुप्पट देखभाल आली. एका ठिकाणी नवा भाव लिहिला जाई, दुसऱ्या ठिकाणी गतवर्षीचाच राही. शिवाय पडद्यांचे आकार दोनच असते तर गोष्ट निराळी. ते तर वर्षावर्षाला वाढत होते. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लेख लिहून निराळी वाट दाखविली. प्रत्येक पडद्यासाठी वेगळे पान बांधण्याऐवजी एकच पान लवचिक करावे, असे त्याचे सांगणे होते आणि ‘प्रतिसादी रचना’ हे नावही त्यानेच रूढ केले.

या पद्धतीची अंगे तीन. पहिले अंग म्हणजे प्रमाणबद्ध मांडणी. रकान्याची रुंदी ठरीव एककांत न सांगता पडद्याच्या अमुक टक्के अशी सांगावयाची. त्यामुळे पडदा लहान झाला की रकानाही त्याच प्रमाणात लहान होतो. दुसरे अंग लवचिक चित्रांचे. चित्राने आपल्या रकान्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, असा त्याला नियमच घालून दिलेला असतो. तिसरे अंग म्हणजे पडद्याची विचारपूस. ब्राउझर पडद्याची रुंदी पाहतो आणि रचनाकाराने लिहून ठेवलेल्या नियमांपैकी योग्य तो लागू करतो: रुंदी पुरेशी असेल तर तीन रकाने शेजारी ठेवावेत, नसेल तर ते एकाखाली एक यावेत, अक्षरांचा आकार मात्र कमी होऊ नये. या सर्वांच्या जोडीला पानाच्या शिरोभागी एक ओळ लिहावी लागते. ‘पडदा ९८० एकक मानू नकोस, आहे तेवढाच मान’ असे ती मोबाइलला बजावते. ती ओळ विसरली तर बाकीची सारी मेहनत वाया जाते.

रकाने एकाखाली एक येऊ लागले की आधी काय आणि मागून काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मुक्कीजवळील निवासाचे पान घ्या. रुंद पडद्यावर वाघाचे मोठे चित्र, मालकाचे मनोगत, खोल्यांचे दर आणि दूरध्वनी हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. लहान पडद्यावर प्रवाशाला प्रथम हवे असते ते एवढेच: जागा आहे काय, दर किती, गोंदियाहून यावयाचे कसे, आणि उद्यानाचा गाभा पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद असतो तेव्हा काय. ही माहिती वर आली, दूरध्वनीच्या आकड्यावर बोट ठेवताच फोन लागला, आणि नकाशा उघडून वाट दिसली, तर चौकशीचे आरक्षण होण्यास वेळ लागत नाही. लहान पडदा अशा रीतीने व्यापाऱ्याला नेमके बोलण्याची शिस्त लावतो, आणि ती शिस्त मोठ्या पडद्यावरही उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न वेगाचा. डोंगराळ व वनप्रदेशात मोबाइलच्या लहरी अनेक ठिकाणी क्षीण असतात. बारशिंग्याचे एखादे भलेमोठे छायाचित्र उतरून येईपर्यंत प्रवाशाचा धीर सुटतो. चांगल्या प्रतिसादी रचनेत एकाच चित्राच्या लहानमोठ्या अनेक प्रती ठेवलेल्या असतात आणि ब्राउझर आपल्या पडद्याजोगी प्रत तेवढी मागवून घेतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे मानक आहे. नुसती मांडणी लवचिक करून चित्रे जड ठेवणे म्हणजे पायरी काढून दार लावून घेणे होय.

गूगलचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. अनोळखी गिऱ्हाईक बहुधा शोधयंत्राच्या वाटेनेच येते. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला अनुकूल असलेल्या पानांना वरचे स्थान देण्यास गूगलने आरंभ केला. पुढे २०१६ साली त्याने असे जाहीर केले की, संकेतस्थळाची पारख त्याच्या मोबाइलवरील रूपावरूनच केली जाईल. हे स्थित्यंतर २०२३ साली पूर्ण झाले. याचा व्यावहारिक अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. जी माहिती मोबाइलवरच्या पानातून गाळली, ती शोधयंत्राच्या लेखी नसल्यातच जमा झाली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. व्हॉट्सॲप आहे, समाजमाध्यमे आहेत, आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. मग स्वतःच्या संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? या साधनांचा उपयोग आहेच आणि तो कोणी सोडावा असे नाही. पण ती भाड्याची जागा आहे. तेथील नियम मालक बदलील तेव्हा बदलतात, विक्रीतील दलाली तो ठरवील ती द्यावी लागते, आणि गिऱ्हाइकाची ओळख त्याच्यापाशीच राहते. स्वतःचे संकेतस्थळ ही घरची जागा. मात्र ती मोबाइलवर नीट उघडत नसेल तर गिऱ्हाईक पुन्हा त्या भाड्याच्या जागेकडेच वळते. चांगल्या व वाईट रचनेतील फरकाची किंमत अशा रीतीने प्रत्येक सौद्यामागे दलालीच्या रूपाने मोजावी लागते.

चिन्नोरच्या बाबतीत तर ही किंमत शेतापर्यंत पोहोचते. हा वाण सुधारित जातींपेक्षा उशिरा पिकतो व उतारा कमी देतो. त्याला चढा भाव मिळाला तरच शेतकरी तो लावील. न मिळाला तर मानांकन कागदावर राहील आणि बियाणे शेतातून नाहीसे होईल. भौगोलिक मानांकन नावाला कायद्याचे संरक्षण देते, पण पुण्याच्या गृहिणीपुढे ‘चिन्नोर’ असे लिहिलेल्या पिशवीत खरोखर काय आहे, हे ती कशावरून ओळखणार? उत्पादकांच्या संघाचे वा गिरणीचे पान तिच्या मोबाइलवर सुबोधपणे उघडले, तांदूळ कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, भाव काय, मागवावा कोठून, हे तिला तेथे वाचता आले आणि त्याच हाताने पैसे देता आले, तर विश्वासाचा धागा सरळ शेतकऱ्यापर्यंत जुळतो. एरवी दूरच्या कुणा साठेबाजाचे सुबक पान पुढे येते आणि नाव बालाघाटचे, नफा मात्र परक्याचा, असा व्यवहार होतो.

प्रतिसादी रचना हा काही जादूचा मंत्र नव्हे. तिने हलका तांदूळ सुवासिक होत नाही की विरलेले लुगडे टिकाऊ होत नाही. जुने भाव तिने आपोआप बदलत नाहीत; ते माणसालाच बदलावे लागतात. तिचे काम चांगल्या मालाची वाट मोकळी करणे, इतकेच. हे काम झाले आहे की नाही, याची परीक्षा घेण्यास तज्ज्ञही लागत नाही. व्यापाऱ्याने घरातील सर्वांत स्वस्त मोबाइल घ्यावा, दुकानातील वायफाय बंद करावे आणि चष्मा लावणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती तो द्यावा. अक्षरे न ताणता भाव वाचता आला काय, आडवे सरकविल्याशिवाय पान दिसले काय, बटण पहिल्याच खेपेस बोटाखाली आले काय, आणि कोणाला न विचारता मागणी नोंदविता आली काय? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर संकेतस्थळ कामाचे. एकही नकार आला, तर रचनाकाराला बोलावून तेवढी दुरुस्ती आधी करून घ्यावी. रंग, नक्षी आणि जाहिरात यांचा विचार त्यानंतर.