शिलाहारांचे अंबरनाथ : राजवाडे लोपले, शिवालय उरले

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे आज दाट वस्तीची व कारखान्यांची म्हणून परिचित आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून १९४९ साली उल्हासनगर आकारास आले. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. परंतु या परिसराचा इतिहास याहून पुष्कळ जुना आहे. सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी हा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या सत्तेखाली होता आणि त्यांची राजधानी येथून जवळच, श्रीस्थानक म्हणजे आजच्या ठाणे नगरात होती.

राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेल्या या घराण्याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोकणावर राज्य केले. ‘तगरपुरवराधीश्वर’ हे त्यांचे बिरुद मराठवाड्यातील तेर या प्राचीन नगराशी नाते सांगते. विद्येलाही त्यांचा आश्रय होता. सोड्ढल या कवीने ‘उदयसुंदरीकथा’ हा संस्कृत ग्रंथ याच दरबाराच्या आश्रयाने रचला, तर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका अपरादित्य या शिलाहार राजाच्या नावे प्रसिद्ध आहे.

राजधानी कोठे गेली?

ठाण्यात शिलाहारांचा राजवाडा शोधू जाणाऱ्यास निराशाच पदरी येते. त्या काळी राहती घरे व वाडे प्रामुख्याने लाकूड, वीट व माती यांचे असत. कोकणातील पावसात असे बांधकाम फार काळ टिकत नाही. शिवाय ठाणे हे बंदराचे शहर. सत्ता बदलत गेल्या आणि जुन्या वस्तीवर नवी वस्ती चढत गेली. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ल्याचे काम हाती घेतले व १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. याच किल्ल्यात १७८७ साली खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट हाती लागला. राजवाडा नाहीसा झाला, पण त्या राजाने दिलेल्या दानाचा लेख मात्र राहिला.

दगडात राहिलेली साक्ष

राजधानीचे वैभव डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास अंबरनाथलाच गेले पाहिजे. वालधुनी नदीच्या काठी असलेले हे शिवमंदिर पांडवांनी बांधले, अशी लोकसमजूत आहे. परंतु मंदिराच्या उत्तर दारावरील तुळईवर कोरलेला शिलालेख त्याचा काळ निश्चित करतो. या लेखात शके ९८२ हा काल असून तो इ. स. १०६० शी जुळतो. राजा छित्तराज याच्या नावाने ओळखले जाणारे ‘भवन’ त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी याच्या कारकिर्दीत पूर्ण झाल्याचे त्यात नमूद आहे. राजाबरोबरच त्याच्या अधिकाऱ्यांचीही नावे लेखात आली आहेत, ही बाब प्रशासनाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची होय.

मंदिर पश्चिमाभिमुख असून स्थानिक काळ्या दगडात बांधलेले आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप असून आत चार कोरीव स्तंभांवर घुमटाकार छत तोललेले आहे. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. शिखराचा माथा आज अस्तित्वात नसल्याने गर्भगृहावर आकाश दिसते. शिखर ‘भूमिज’ पद्धतीचे आहे. या पद्धतीत चारही बाजूंनी वर जाणाऱ्या कोरीव पट्ट्यांच्या मध्ये छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर व नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गोंदेश्वर ही याच परंपरेतील देवालये. बाह्य भिंतींवर शिव, ब्रह्मदेव व देवी यांची विविध रूपे, नृत्यमग्न स्त्रिया आणि जोत्यावर हत्तींची रांग पाहावयास मिळते. येथील शिल्पांची रेखाचित्रे व साचे १८६८ साली मुद्दाम तयार करून घेण्यात आले होते.

रक्षण कोणाचे?

हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियमनाखाली येते. तथापि मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी मिसळत आले आहे. २०१४ मध्ये या नदीत सोडलेल्या विषारी रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास झाला. ज्या नदीच्या काठी शिलाहारांनी देवालयासाठी जागा निवडली, ती नदीच गटार होऊन राहिली तर भिंती जपूनही वारसा अर्धाच जपला जाईल.

संरक्षित यादीत नसलेल्या अवशेषांची जबाबदारी तर गावावरच येऊन पडते. कोकणातील अनेक गावांत शिलाहारकालीन वीरगळ व गधेगाळ आढळतात. गधेगाळ म्हणजे दानाचा भंग करणाऱ्यास शापवचन व गाढवाचे चित्र कोरलेला दगड. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील मराठी शिलालेख अशाच दगडावर आहे. शेंदूर फासलेला, पायरीला लावलेला किंवा विहिरीच्या काठाशी पडलेला असा दगड हा एखाद्या जमिनीचा जुना दस्तऐवज असू शकतो.

असा दगड आढळल्यास तो हलवू नये, घासू नये, त्यावर रंग वा सिमेंट चढवू नये. ग्रामपंचायतीने त्याची जागा व छायाचित्र नोंदवून तहसीलदार व पुरातत्त्व विभागास कळवावे. खोदकामात पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शाळांनी सहलीस नेताना विद्यार्थ्यांना शिल्पांना हात न लावता पाहण्याची व पाहिलेले वहीत उतरविण्याची सवय लावावी. महाशिवरात्रीस अंबरनाथला हजारो भाविक येतात. त्यांच्यापर्यंत हे मंदिर कोणी, केव्हा व कसे बांधले एवढी माहिती पोहोचली, तरी रक्षणाचे निम्मे कार्य साधेल.