पेसर नसलेली शर्यत

पहाटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किंवा मुलुंडच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांची भाषा आता बरीच तयार झाली आहे. पीबी, पेस, स्प्लिट हे शब्द चहाच्या टपरीवर सहज कानावर पडतात. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळेत पोहोचवणाऱ्या पेसरच्या ‘बस’मध्ये शिरायचं, मनगटावरचं घड्याळ सांभाळायचं आणि मागच्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं कमी करायची. हौशी धावपटूचं खरं भांडण स्वतःच्या जुन्या वेळेशी असतं आणि ते योग्यच आहे. मात्र याच सवयीनं आपण अविनाश साबळेच्या शर्यती बघतो, तेव्हा गोंधळ होतो. राष्ट्रीय विक्रमांची रांग लावणारा हा मुलगा जागतिक स्पर्धेत अकरावा का येतो, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

त्याची शर्यत आहे ३००० मीटर स्टीपलचेस. अंतर साधारण बोरिवली ते कांदिवली स्टेशनाएवढं. साडेसात फेऱ्या, त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. हा जाड चौकोनी लाकडाचा, जमिनीवर घट्ट बसलेला असतो. गुडघा आपटला तर माणूस पडतो, अडथळा हलत नाही. पाण्याच्या उडीत अडथळ्यामागे ३.६६ मीटरचा खड्डा असतो, अडथळ्यालगत खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. जाणकार धावपटू लाकडावर पाऊल टेकवून लांब झेप घेतो आणि उथळ पाण्यात एका पायावर उतरून तसाच पुढे सुटतो. आठ मिनिटं दहा सेकंदांत शर्यत संपवायची तर सरासरी दर १४ सेकंदांनी एक अडथळा येतो. प्रत्येक वेळी लय मोडते आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा पकडावी लागते.

त्यात घोळक्यात धावणं आलं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर वारा कमी लागतो आणि दम वाचतो, पण त्याच्या पाठीमुळे अडथळा शेवटच्या क्षणी दिसतो. पुढे राहिलं तर अडथळा स्वच्छ दिसतो, पण वारा एकट्यानं अंगावर घ्यायचा. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत साबळेच्या प्राथमिक फेरीत इथिओपियाचा धावपटू पडला आणि साबळे त्याच्यात अडकला. सावरून, पुन्हा वेग घेऊनही त्यानं ८:२५.२३ असा राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीची संधी हुकली होती. भारतानं दाद मागितली, पंचांनी ती मान्य केली आणि तो अंतिम फेरीत धावला. तिथे ८:२१.३७, म्हणजे पुन्हा विक्रम. क्रमांक तेरावा.

डायमंड लीगसारख्या शर्यतीत पहिले काही फेरे ओढायला पेसर ठेवलेले असतात, आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवे पळत असतात. जागतिक, ऑलिंपिक, आशियाई अशा अजिंक्यपदाच्या शर्यतीत पेसर नसतो. कुणीच पुढे व्हायला तयार नसेल तर जगातले उत्तम धावपटू सकाळच्या सरावासारखे जातात आणि सगळा निकाल शेवटच्या फेरीवर ठरतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत नेमकं तसं झालं. सुफियान एल बक्कालीनं सुवर्ण जिंकलं ते ८:२५.१३ या वेळेत. दीडेक महिना आधी साबळेनं मोरोक्कोत ८:१२.४८ नोंदवलं होतं. कागदावर तो त्या विजयी वेळेपेक्षा बारा सेकंदांहून अधिक वेगवान होता. प्रत्यक्षात ८:३१.७५ घेऊन अकरावा आला, कारण संथ शर्यतीच्या शेवटी लागणारा स्फोटक वेग ही वेगळीच विद्या आहे आणि एल बक्कालीची ती हुकमी आहे.

मग अवघ्या काही आठवड्यांत, ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून या शर्यतीतली तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडेच गेली होती. माझ्या मते साबळेच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात शहाणी शर्यत. वेग सुरुवातीपासून खरा होता, साबळे केनियाच्या तिघांना चिकटून राहिला आणि शेवटच्या फेरीत त्यानं एकेकाला मागे टाकलं. शेवटच्या सरळ पट्टीत फक्त अब्राहम किबिवोट उरला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. ऑलिंपिक विजेता कोन्सेस्लस किप्रुतो मागे राहिला होता. त्या रौप्याला मी सुवर्णाच्या तोडीचं मानतो.

ही समज कुठून आली असेल? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील शेतीबरोबर वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानातही राहिला. सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून त्याचं धावणं पुढे आलं आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. वर्षभरातच गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८:३०.८८ हा विक्रम त्यानं भुवनेश्वरला मोडला. ट्रॅक त्याच्या आयुष्यात उशिरा आला. क्रॉसकंट्री मात्र आधी होती, आणि तिथे चिखल, चढ आणि शेजारचा माणूस बघूनच धावावं लागतं. साताऱ्याच्या ललिता बाबरनं २०१६ मध्ये रिओत याच शर्यतीची अंतिम फेरी गाठली, तीसुद्धा मॅरेथॉन गाजवून इकडे वळलेली.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, १ ऑक्टोबर २०२३ ला, त्यानं उलटी चाल खेळली. सुरुवातीपासून एकटा पुढे. जपानी धावपटूंकडे त्या वेगाला उत्तर नव्हतं. ८:१९.५०, स्पर्धाविक्रम आणि या शर्यतीतलं भारतीय पुरुषाचं पहिलं आशियाई सुवर्ण. हीच चाल जागतिक पातळीवर फसू शकते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुडापेस्टला तो प्राथमिक फेरीत सातवा आला आणि पुढे जाणार होते फक्त पहिले पाच. पॅरिसला ७ जुलै २०२४ ला डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ आणि महिन्याभरानं त्याच शहरात ऑलिंपिक अंतिम फेरीत ८:१४.१८, पुन्हा अकरावा. या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष होता. त्या रात्री ‘अकरावा’ एवढंच ऐकून पुढे सरकलेल्यांना हे कुणी नीट सांगितलं नाही, याची मला अजून खंत आहे.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई अजिंक्यपद जिंकून त्यानं पुन्हा जम बसवला. जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेनंतर ट्रॅकवर सरळ धावणं आधी जमतं. ओल्या उतारावर, एका पायावर, पूर्ण वेगात पुन्हा उतरायला गुडघा तयार होणं आणि मन तयार होणं याला बरेच महिने लागतात. पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याची वेळ नंतर बघा. आधी पाण्यातून बाहेर पडल्यावरची त्याची पहिली तीन पावलं बघा.